आधी माप, मग कात्री

१२ एप्रिल २०१८. दिल्लीतल्या एका पंचतारांकित हॉटेलच्या सलूनमध्ये एक तरुणी केस कापून घ्यायला आली. तिचे केस लांब आणि दाट होते. केसांच्या उत्पादनांसाठी तिने मॉडेल म्हणून काम केले होते, त्यामुळे या केसांवर तिची काही कमाईही अवलंबून होती. नेहमी जिच्याकडून ती केस कापून घ्यायची ती त्या दिवशी नव्हती, म्हणून दुसरीने काम हाती घेतले. सूचना स्पष्ट होती. चेहऱ्याच्या बाजूने लांब फ्लिक्स आणि लेअर्स ठेवायचे आणि खालून सरळ चार इंच कापायचे. तिचा चष्मा मोठ्या नंबरचा होता. तो काढून ठेवावा लागला. मान खाली घालायला सांगितले गेले. एवढ्याशा कामाला तासाहून जास्त वेळ लागतोय हे जाणवल्यावर तिने विचारले, तेव्हा 'लंडन हेअरकट' देत आहे असे उत्तर आले. काम संपले तेव्हा केस जेमतेम खांद्याला टेकत होते. खालचे चार इंच जायचे होते. तिच्या तक्रारीनुसार वरचे चार इंच तेवढे राहिले होते.

हॉटेलने आरोप नाकारले. राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने मात्र २१ सप्टेंबर २०२१ रोजी सेवेत त्रुटी झाल्याचे मान्य केले आणि दोन कोटी रुपये भरपाई द्यायला सांगितले. हॉटेल सर्वोच्च न्यायालयात गेले. ७ फेब्रुवारी २०२३ रोजी न्यायालयाने त्रुटीचा निष्कर्ष तसाच ठेवला. पण भरपाईचा आकडा केवळ मागितला म्हणून मंजूर होत नाही, त्यामागे पुरावा लागतो, असे सांगून रकमेचा प्रश्न आयोगाकडे परत पाठवला. आयोगाने त्याच वर्षी एप्रिलमध्ये पुन्हा दोन कोटींचाच आदेश दिला आणि वाद पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेला.

गाजले ते दोन कोटी. "केसांसाठी एवढे?" असे ज्याने त्याने विचारले. मला मात्र या प्रकरणात त्या खुर्चीतला पहिला तास सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ग्राहकाला समोरचे दिसत नव्हते, तिची मान खाली होती, ठरलेला आराखडा मध्येच बदलला गेला आणि बदलताना तिला कोणी विचारले नाही. हात कच्चा असेल तर केस वेडेवाकडे होतात; इथली तक्रार त्याहून वेगळी होती. मागितले एक आणि मिळाले दुसरेच. असे गल्लीतल्या सलूनमध्येही घडते आणि एसी लावलेल्या महागड्या सलूनमध्येही घडते. बहुतेक माणसे "छान झालंय" म्हणून पैसे देतात, आणि घरी येऊन आरशासमोर उभी राहिली की त्यांचे डोळे भरून येतात. या प्रकरणात मला एकच गोष्ट मनापासून सांगायची आहे. डोके तुमचे आहे, म्हणून शेवटचा शब्दही तुमचाच. आणि तो शब्द पहिली बट कापली जाण्याआधी, मापात सांगितला गेला पाहिजे.

शिंप्याकडे कापड टाकले तर तो अंगाचे माप घेतो, वहीत लिहून ठेवतो, शिवणीत थोडे कापड राखतो. ब्लाउज घट्ट झाला तर उसवून सैल करता येतो. केसांच्या कामात राखून ठेवायला काही नसते. टाळूवरचा केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो, म्हणजे एका इंचाला दोन महिने. चार इंच जास्त गेले की आठ महिने गेले. जो निर्णय आठ महिने वागवायचा आहे, त्याच्यावर आपण खुर्चीत बसल्यावर बोलतो किती? "थोडे कमी करा", "नेहमीसारखे", "जास्त लहान नको". या तीन वाक्यांत माप कुठेच नाही. तुमच्या मनातले थोडे म्हणजे अर्धा इंच, आणि दिवसभर कमरेपर्यंतचे केस हाताळणाऱ्या बाईच्या हाताला थोडे म्हणजे अडीच इंच. दोघीही खरे बोलत असतात.

म्हणून सर्वांत आधी प्रामाणिक गफलत कशी होते ते समजून घेऊ, कारण माझ्या मते निम्म्याहून अधिक तक्रारींचे मूळ तिथे आहे. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. त्याच्या आत हायड्रोजनचे असंख्य कमकुवत बंध असतात, आणि पाणी लागले की ते सुटतात. त्यामुळे ओला केस मऊ पडतो, सरळ होतो आणि ताणला जातो. निरोगी ओला केस ओढला तर सुमारे ३० टक्क्यांपर्यंत लांबू शकतो. सलूनमध्ये केस बहुधा धुऊन, ओले असतानाच कापतात, कारण ओले केस कंगव्यात नीट धरले जातात आणि कड सरळ येते. पण कंगव्याने ताणून धरलेल्या ओल्या केसावर मोजलेला एक इंच वाळल्यावर एक इंच राहत नाही. केस परत आखडतात. सरळ केसांत हा फरक चटकन जाणवत नाही, लाटदार केसांत जाणवतो, आणि घट्ट कुरळ्या केसांत तर केस वाळल्यावर आपल्या खऱ्या लांबीच्या निम्मेच दिसू शकतात. कपाळावरच्या बटांचे सगळ्यांत वाईट होते. ओल्या असताना भुवयांपर्यंत येणारी कड वाळली की कपाळाच्या मध्यावर जाऊन बसते. त्यात पुढे भोवरा असेल तर बट एका बाजूला उभीच राहते. अनुभवी हात म्हणूनच कपाळावरचे केस कोरडे असताना, थोडे थोडे करून कापतो.

कापण्याची पद्धतही माहीत असावी. खालून सरळ कापताना सुरुवात बहुधा मानेवरच्या मधल्या बटेपासून होते. ती बट जेवढी कापली तेवढीच लांबी बाकीच्या सगळ्या केसांना लावत जायचे असते. शिकवताना तिला 'गाईड' म्हणतात. म्हणजे तुमच्या केसांची लांबी कधी ठरते, तर पहिल्या अर्ध्या मिनिटात, आणि तीही जिथे तुमची नजर पोहोचत नाही अशा ठिकाणी. नंतरची वीस-पंचवीस मिनिटे तोच निर्णय पुढे नेण्यात जातात. अर्ध्या वाटेवर "अगं, हे जास्त होतंय" म्हणून उपयोग नसतो, कारण मागची बाजू आधीच गेलेली असते आणि आता पुढची बाजू तिच्याशी जुळवावीच लागते. हे एवढे कळले की थांबवायची वेळ कोणती ते आपोआप कळते. पहिली बट कापून झाली की "ताई, जरा थांबा, मला दाखवा" म्हणायचे. हातात आरसा मागायचा, चष्मा असेल तर तो लावायचा, आणि कापलेला तुकडा बोटांत धरून बघायचा. तो तुकडा खोटे बोलत नाही. सव्वा इंचाऐवजी तीन इंचांचा निघाला तर तिथेच बोलायचे. तेव्हा फक्त एक बट गेलेली असते, आणि ती वरच्या केसांखाली लपते.

पुरुषांच्या बाबतीत मशीनमुळे काम सोपे झाले आहे, पण आकड्यांची नीट ओळख नसल्याने घोटाळे होतात. मशीनला लावायच्या कंगव्याचा एक नंबर म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुमारे ३ मिलिमीटर. दोन नंबर ६, तीन नंबर साधारण १० आणि चार नंबर १३ मिलिमीटर. आठ नंबर म्हणजे पूर्ण एक इंच. 'झिरो' म्हणजे कंगवाच लावायचा नाही. एक आणि तीन यांत डोळ्यांत भरण्याएवढा फरक आहे, कारण तीन नंबरात टाळूची कातडी फारशी दिसत नाही, एकात ठळक दिसते. "बाजूला तीन नंबर, वर कात्रीने, कल्ले कानाच्या मध्यापर्यंत, मागे मानेवर सरळ रेघ नको" हे सांगायला दहा सेकंद लागतात. मुंबई-पुण्यात खुर्चीमागे उभा असलेला कारागीर पुष्कळदा उत्तर प्रदेशातून किंवा बिहारमधून आलेला असतो, पार्लरमधली मुलगी ईशान्येकडच्या राज्यातून आलेली असते. तिथे तुमची मराठी, त्यांची हिंदी आणि दोघांची घाई यांतून विशेषणे हरवतात. आकडा मात्र हरवत नाही.

आता दुसऱ्या कारणाकडे येऊ, जिथे ऐकू आलेले असते आणि तरीही हात वेगळेच करतो. सवय हे त्यातले मोठे कारण. ज्याने हजारो डोकी एकाच पद्धतीने कापली त्याचा हात विचारांच्या आधी चालतो. शिकवणीत जे शिकवले गेले नाही ते हाताला येतही नाही. अनेक ठिकाणचे प्रशिक्षण सरळ केस गृहीत धरून चालत आले. ब्रिटनमध्ये केशकर्तनाच्या राष्ट्रीय मानकांत आफ्रिकी वळणाच्या आणि कुरळ्या केसांचे काम सगळ्यांसाठी मूलभूत शिक्षणाचा भाग झाले ते २०२१ साली, तोवर ते जवळजवळ ऐच्छिकच होते. आपल्याकडे कोकणात, गोव्यात, किंबहुना महाराष्ट्रात सगळीकडेच कुरळे केस काही दुर्मीळ नाहीत. तरीही कुरळ्या केसांची मुलगी आत शिरली की "स्मूदनिंग करून घ्या ना मॅडम" हे पहिले वाक्य ऐकते. तिने विचारलेले असते केसांचा आकार नीट करण्याबद्दल. उत्तर मिळते केस बदलण्याबद्दल.

तिसरे कारण कलेच्या अभिमानाचे आहे, आणि त्याबद्दल मला आदरही आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पाश्चात्त्य शहरांतल्या स्त्रिया आठवड्याला सलूनमध्ये जाऊन केस रोलरवर गुंडाळून, फवारे मारून बसवून घेत. लंडनच्या विडाल ससून यांनी १९५४ मध्ये बॉंड स्ट्रीटवर आपले सलून उघडले आणि केसांची रचना फवाऱ्यावर सोपवण्याऐवजी कापण्यावरच उभी केली. गालाची हाडे, कवटीचा गोल, केसांची पडण्याची दिशा पाहून भूमितीसारखे नेमके कोन कापायचे, केस धुऊन झटकले की आपोआप जागेवर बसतील असे. आधुनिक वास्तुरचनेचा त्यांच्यावर प्रभाव होता आणि साठच्या दशकात त्यांच्या 'फाइव्ह पॉइंट' कटने जगभर नाव काढले. स्त्रियांचे सकाळचे तास त्यामुळे मोकळे झाले, हे मोठे काम आहे. पण त्याबरोबर केस कापणारा माणूस कारागिराचा कलावंत झाला, आणि कलावंताला वाटते की चेहऱ्याला काय शोभते ते मला जास्त कळते. पुष्कळदा ते खरेही असते. तेवढ्याने निर्णय त्याचा होत नाही. त्याने सुचवावे, पटवावे, चित्र दाखवावे, आणि उत्तर "नको" आले तर सांगितले तसे करावे किंवा काम नाकारावे. "हो" म्हणून मनातले करणे हा मला फसवणुकीचाच प्रकार वाटतो, मग निकाल कितीही देखणा असो.

"फाटे फुटलेत, कापावेच लागतील" या वाक्याबद्दलही थोडे बोलले पाहिजे, कारण लांबी जाण्याचे ते सर्वांत नेहमीचे निमित्त आहे. दुतोंडी झालेला केस पुन्हा जोडता येत नाही, हे बरोबर आहे. कोणतेही तेल किंवा सीरम त्याला तात्पुरते चिकटवते एवढेच. फाटा वर चढत जातो, म्हणून तो कापणे हाच उपाय. पण केस कापल्याने वाढ जोरात होते हे मात्र खरे नाही. वाढ मुळाशी होते, आणि कात्री चालते ती ज्यात जीव नाही अशा टोकावर. तेव्हा फाटे किती उंचीपर्यंत आहेत ते बटेवर दाखवायला सांगा. दीड इंचापर्यंत असतील आणि तुम्हाला अर्धाच इंच द्यायचा असेल, तर उरलेले फाटे घेऊन घरी जाण्याचा तुम्हाला अधिकार आहे. दोन महिन्यांनी आणखी अर्धा इंच देता येतो.

आणि काही वेळा न ऐकण्यामागे तुम्ही कोण आहात हे असते. वीस वर्षांची मुलगी लांब वेणी कापून बॉयकट मागते तेव्हा "घरी विचारलंस का?" असा प्रश्न येतो, आणि कापल्यावर केस मानेखाली चार बोटे राहिलेले असतात, "नंतर पस्तावशील म्हणून ठेवले". सत्तरीच्या आजींना काय हवे ते त्यांच्याऐवजी सोबत आलेल्या सुनेला विचारले जाते. लहान मुलाच्या डोक्यावरून त्याचा बाप आणि न्हावी आपसांत ठरवतात. यात काळजी असेल, माया असेल. पण ज्याचे डोके त्याला बाजूला ठेवलेले असते. महाराष्ट्राला या गोष्टीचा फार दुखरा इतिहास आहे. नवरा वारला की ब्राह्मण आणि इतर काही जातींत स्त्रीचे केशवपन व्हायचे, आणि तिची इच्छा काय हे कोणी विचारत नसे. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक समाजातल्या लोकांनी सभा घेऊन विधवांच्या केसांना वस्तरा लावायचा नाही असे ठरवले. हातावर पोट असलेल्या माणसांनी आपल्या मिळकतीवर पाणी सोडून घेतलेला हा निर्णय आहे. समोर बसलेली बाई होकार देते आहे का, हा प्रश्न या व्यवसायाने एवढ्या आधी आणि एवढ्या धैर्याने विचारला होता, याचा मला अभिमान वाटतो. आजच्या सलूनमध्ये भिंतीवर संत सेना महाराजांच्या तसबिरीशेजारी ही हकीकतही लावली जावी असे मनापासून वाटते.

नकार देणारा केशकर्तनकार मात्र आपला शत्रू समजू नका. रंगाच्या कामात तर तो आपला हितचिंतक असतो. काळ्या केसांवर फिकट राखाडी किंवा सोनेरी रंग हवा असेल तर आधी ब्लीचने केसातले मेलॅनिन नष्ट करावे लागते. काळा केस तांबूस, मग नारिंगी, मग पिवळा अशा पायऱ्यांनी उजळतो आणि प्रत्येक पायरीला कमजोर होतो. एका बैठकीत ते होणार नाही असे कोणी सांगितले तर ते खरे आहे. आधी लावलेला रंग नव्या फिकट रंगाने उतरत नाही. मेंदी लावली असेल तर ती केसांच्या प्रथिनाशी घट्ट बसलेली असते, आणि बाजारातल्या काही मेंदींत मिसळलेल्या धातूंच्या क्षारांची पेरॉक्साइडशी तीव्र प्रक्रिया होऊन केस तुटू शकतात. म्हणून गेल्या दोन-तीन वर्षांत केसांना काय काय लावले ते न लाजता सांगायचे, आणि कानामागची एक लपलेली बट आधी रंगवून बघायला सांगायचे. गडद रंगांत असणाऱ्या पीपीडी या रसायनाची काहींना जबर ॲलर्जी असते. त्यासाठी ४८ तास आधी त्वचेवर थेंब लावून पाहण्याची चाचणी आहे. ती करायला सांगणाऱ्याच्या वेळखाऊपणाला नावे ठेवू नका.

हे सगळे ध्यानात घेऊन खुर्चीतला संवाद कसा असावा? तो केस धुण्याआधी व्हावा, ही माझी पहिली अट. पुष्कळ सलूनमध्ये मदतनीस आधी केस धुतो, टॉवेल गुंडाळतो, आणि मग कापणारी व्यक्ती येते. तिला तुमचे केस कोरडे असताना कसे पडतात, कुठे उडतात, कुठे भोवरा आहे हे कळायला मार्गच उरत नाही. "आधी कोरडे बघा, मग धुऊ" असे सांगितले तर कोणी रागावत नाही. मग आपल्या हाताने दाखवायचे: केसाची बट पुढे घ्यायची आणि जिथवर कापायचे तिथे दोन बोटांची कात्री धरायची. खांदा, हनुवटी, गळपट्टीचे हाड या शरीरावरच्या खुणा इंचांपेक्षाही पक्क्या. इंचच सांगायचे तर अंगठ्याचे वरचे पेर साधारण एक इंचाचे असते. तुमचे पेर त्यांना दाखवा. त्यानंतर समोरच्याला म्हणा, "तुम्ही काय करणार ते मला एकदा सांगा." त्यांच्या तोंडून "मागून खांद्याखाली दोन बोटे, पुढून हनुवटीपासून लेअर" असे आले की करार झाला. वेगळे काही आले तर गैरसमज कात्री चालण्याआधीच उघड झाला. ठरलेल्या लांबीपेक्षा एक बोट जास्त ठेवून आधी वाळवायला सांगणे हाही चांगला मार्ग आहे. कोरड्यावर उरलेले कापता येते.

फोटो न्यावा, पण नटीचा एकच चकचकीत फोटो फारसा कामाचा नसतो. तिचे केस दाट असतील, खोटे जोडलेले असतील, प्रकाश खास लावलेला असेल. आपल्याच केसांचा, पूर्वी आवडलेल्या कापणीचा, समोरून आणि मागून काढलेला फोटो सर्वांत उपयोगी. आणि एक फोटो नकाराचा न्यावा: "असे मुळीच नको." हवे ते दाखवताना दोघांची कल्पना भरकटू शकते, नको ते दाखवताना फारशी भरकटत नाही.

कात्री चालू झाल्यावर बोलणे अनेकांना जड जाते. गळ्याभोवती कापड बांधलेले, हात त्याच्या आत, मागे उभ्या माणसाच्या हातात धारदार वस्तू, आणि आपण त्याच्या कामात खोट काढायची. अशा वेळी रागाची गरज नसते, वेळेची असते. कापडाबाहेर हात काढून वर करायचा आणि "एक मिनिट थांबा" एवढेच म्हणायचे. मान खाली असताना हलू मात्र नका. आधी थांबवा, मग मान वर करा. काय ठरले होते आणि काय दिसतेय ते सांगा. समोरचा म्हणाला, "असूद्या ना, छान दिसतंय," तर पुन्हा मापावर या: "छान असेल, पण खांद्यापर्यंत ठरले होते." पटले नाही तर अर्धवट कापलेल्या केसांनीही उठता येते. अवघड वाटेल, पण आणखी चार इंच जाण्यापेक्षा ते बरे.

आणि सगळे होऊन गेले असेल तर? पहिला मोह असतो तो लगेच दुरुस्त करून घेण्याचा. लहान झालेले केस सारखे करायला गेले की आणखी लहान होतात, म्हणून आकार खरोखर वाकडा असेल तेवढाच नीट करून घ्या, आणि तेही एक-दोन दिवसांनी, आपल्या हाताने केस धुऊन वाळवून पाहिल्यावर. फुकट देऊ केलेल्या रासायनिक उपचाराला घाईने होकार देऊ नका. दिल्लीच्या त्या तरुणीची दुसरी तक्रार हीच होती, की नुकसान भरून काढण्यासाठी दिलेल्या मोफत उपचारातल्या अमोनियाने टाळूला इजा झाली. गल्लीतल्या ओळखीच्या दादांकडे झाले असेल तर दोन दिवसांनी जाऊन शांतपणे सांगा. त्यांना पुढच्या वेळी नीट करायचेच असते आणि त्या दुकानावर घर चालत असते. मोठ्या सलूनमध्ये व्यवस्थापकाशी बोला, कापणाऱ्या मुलीला चारचौघांत झापू नका. तिला तसे करायला वरून सांगितलेलेही असू शकते. पुष्कळ सलून काही दिवसांच्या आत विनामूल्य दुरुस्ती करून देतात. ती दुसऱ्या हाताने करून मागण्यात काही गैर नाही.

तरीही दाद मिळाली नाही आणि नुकसान मोठे असेल, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ तुमच्या बाजूने आहे. त्यात सेवेतील त्रुटीची जी व्याख्या आहे तिच्यात, जे करून देण्याचे ठरले होते त्यात राहिलेली उणीवही येते. तोंडी ठरलेले चालते, मात्र सिद्ध करता आले पाहिजे, आणि इथे सलूनला आधी पाठवलेला फोटो, व्हॉट्सॲपवरचा "खांद्यापर्यंत, चार इंच" असा संदेश, बिल किंवा यूपीआयची नोंद कामी येते. केस कापण्याआधीचा आणि नंतरचा, तारखेसह फोटो ठेवा. रासायनिक इजा असेल तर त्याच दिवशी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवून कागद घ्या. नव्या कायद्यात दावा कुठे करायचा हे मोजलेल्या किमतीवर ठरते, मागितलेल्या भरपाईवर ठरत नाही; त्यामुळे केस कापण्याचा दावा आता जिल्हा आयोगातच जातो, आणि तो तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही करता येतो. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. भरपाईत बिलाची रक्कम, दुरुस्तीचा खर्च पावत्यांसह, आणि काम बुडाले असेल तर त्याचे पत्र जोडा. मनस्तापाची रक्कम वेगळी लिहा. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघा. तिथे मराठीतूनही बोलता येते, आणि काही प्रश्न आयोगाची पायरी न चढता तिथेच सुटतात.

केस वाढत असताना मधल्या महिन्यांत दर आठ-दहा आठवड्यांनी फक्त मानेवरची कड नीट करून घ्या, म्हणजे मागचे केस पुढच्यांच्या आधी लांब होऊन आकार बिघडत नाही. पुढे नव्या माणसाकडे जाल तेव्हा मोठा बदल पहिल्याच भेटीत मागू नका. अर्धा इंच कापून घ्या, कोरडे करून मोजा. अर्धाच गेला असेल तर पुढच्या वेळी त्याच खुर्चीत बसायला हरकत नाही.